भाषण पाठ आहे, पण बोलता येतं का?



जूनमध्ये शाळा सुरू होतात. पुस्तकवाटप, दाखले, पटनोंदणी या गडबडीतच २६ तारीख येते, राजर्षी शाहू महाराजांची जयंती. कोल्हापुरात हा आपल्या घरचाच कार्यक्रम. प्रतिमापूजन, मुलांची भाषणं आणि बऱ्याच ठिकाणी वक्तृत्व स्पर्धा. त्याच्या आधीचे आठ दिवस आपल्या ग्रुपवर कोणते मेसेज फिरतात, हे तुम्हाला सांगायला नको. "लहान गटासाठी दहा ओळींचं सोपं भाषण आहे का कुणाकडे?" "मोठ्या गटासाठी दमदार सुरुवात पाठवा." "शेवट टाळ्या घेणारा हवा."

असे मेसेज मीही पाठवलेत. भाषणं मागितलीत आणि लिहूनही दिलीत. मुलांनी ती पाठ केली, बक्षिसं आणली, शाळेच्या कपाटात ढाली लागल्या. त्यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नव्हतं. एका मुलीनं ते वाटायला लावलं. तिची गोष्ट आधी सांगतो, मग जरा लांब जाऊ, थेट ग्रीसपर्यंत.

आमची शाळा पन्हाळ्याच्या बाजूला, भातशेतीच्या भागात. आठवीतल्या एका मुलीला मी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणावर भाषण लिहून दिलं. १९१७ साली महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला, ही त्यातली मुख्य गोष्ट. दंडाच्या वाक्यावर हात वर करायचा, मग दोन सेकंद थांबायचं, हेही मीच शिकवलं. पोरीनं ते इतकं छान केलं की परीक्षकांनी पहिला नंबर दिला.

पंधरा दिवसांनी पाऊस लागला, रोप लावण सुरू झाली आणि वर्ग निम्मा झाला. या मुलीच्या बाकावरची मैत्रीणही यायची बंद झाली. आई दिवसभर लावणीला, आणि घरी साडेतीन वर्षांचा भाऊ. तो हिच्याकडं. एका दुपारी माझी बक्षीसवाली मुलगी स्टाफरूमच्या दारात आली. "सर, तिच्या आईला जाऊन सांगू का? भाषणातलं?" मी म्हटलं, जरूर सांग. मला अभिमानच वाटला.

दुसऱ्या दिवशी ती खाली मान घालून आली. विचारलं तर म्हणाली, "सर, मी सगळं भाषण म्हटलं. काकी म्हणाल्या, शाळा बरोबर हाय गं बाई, पण ह्याला बघायचं कुणी? मग मला काय बोलायचं ते कळंना. त्याचं तुम्ही लिहून दिलं नव्हतं."

त्याचं तुम्ही लिहून दिलं नव्हतं. या एका वाक्यानं माझी झोप उडवली. सक्तीच्या शिक्षणावर पहिला नंबर मिळवणारी मुलगी एका मुलीच्या शिक्षणासाठी तिच्या आईशी चार वाक्यं बोलू शकली नाही. तिच्यात काही कमी नव्हतं. मी तिला बोलायला शिकवलंच नव्हतं. मी तिला माझं भाषण म्हणायला शिकवलं होतं.

हा वाद फार जुना आहे

बोलायला शिकवायचं म्हणजे काय शिकवायचं, आणि शिकवणाऱ्याची जबाबदारी कुठपर्यंत, यावर सुमारे २४०० वर्षांपूर्वी अथेन्स शहरात कडाक्याचं भांडण झालं. ते आपल्याला आजही उपयोगी पडतं.

अथेन्समध्ये लोकशाही होती. सभेत कोणीही नागरिक उठून बोलू शकत असे. (नागरिक म्हणजे तिथले पुरुष. बायकांना आणि गुलामांना हा हक्क नव्हता.) कोर्टात आजच्यासारखे वकील नव्हते. फिर्यादी असो वा आरोपी, आपली बाजू आपणच मांडायची, आणि तीही शेकडो पंचांसमोर. वेळ मोजायला पाण्याचं घड्याळ असे. भांड्यातलं पाणी संपलं की बोलणं संपलं. आपल्या स्पर्धेतली तीन मिनिटांची घंटा म्हणजे त्याचीच नात.

आता ज्याला बोलता येत नाही त्यानं काय करायचं? त्यासाठी पैसे घेऊन भाषण लिहून देणारे लोक होते. लिसियस हा त्यातला मोठा लेखक. गिऱ्हाइकानं भाषण विकत घ्यायचं, पाठ करायचं आणि पंचांसमोर स्वतःचं म्हणून म्हणायचं. सॉक्रेटिसवर इ. स. पू. ३९९ मध्ये खटला झाला तेव्हा लिसियसनं त्याच्यासाठीही भाषण लिहून आणलं होतं, अशी एक जुनी कथा आहे. सॉक्रेटिसनं ते वाचलं, छान आहे म्हणाला, आणि माझ्या अंगाला बसत नाही म्हणून परत दिलं. कथा खरी असो वा नसो, ती वाचताना मला माझी मुलगी आठवली. तिला परत द्यायची मुभा मी ठेवलीच नव्हती.

याच काळात सोफिस्ट नावाचे शिक्षक गावोगाव फिरून वक्तृत्व शिकवू लागले. त्यांची फी भरभक्कम असे. प्रोटागोरस म्हणे, मी तरुणांना घर आणि राज्य नीट चालवायला शिकवतो. फीबद्दल कुरकुर करणाऱ्याला तो सांगे, देवळात जा, शपथेवर सांग की माझ्या शिकवणीची किंमत किती, आणि तेवढीच दे. (आपल्यातला कोणता क्लासवाला ही अट मान्य करेल?) सिसिलीतला गॉर्जियस इ. स. पू. ४२७ मध्ये अथेन्सला आला आणि त्याच्या बोलण्यानं लोक चकित झाले.

वस्ताद जबाबदार की नाही?

प्लेटोच्या 'गॉर्जियस' या संवादात सॉक्रेटिस या गॉर्जियसला गाठतो. तिथं गॉर्जियस जो मुद्दा मांडतो तो कोल्हापूरकरानं कान देऊन ऐकावा असा आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कोणी तालमीत जाऊन कुस्ती शिकला आणि घरी येऊन आईबापांनाच मारू लागला, तर दोष वस्तादाचा नाही. वस्तादानं विद्या चांगल्यासाठी दिली. वाईट वापरली ती शिष्यानं. तसंच वक्तृत्वाचं. मी बोलायला शिकवतो, पुढं शिष्य काय बोलतो ते त्याच्या माथी.

ऐकायला पटतं ना? पण हाच मुद्दा आपल्या तालमीत नेऊन बघा. महाराजांनी १९१२ साली खासबागचं मैदान उभं केलेल्या या गावात कुस्ती कशी शिकवतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. पोरगं पहिल्या दिवशी डाव शिकत नाही. आधी हौद्यातली माती उकरायची, मातीला हात लावून पाया पडायचं, थोरल्या पैलवानांची सेवा करायची. पोरगं काय खातं, कुणाबरोबर हिंडतं, बाहेर कुणावर हात टाकला का, यावर वस्तादाचं लक्ष. गल्लीत मारामारी केलेल्या पोराला तालमीत उभं करत नाहीत. लोकही विचारतात, "कुणाचा पठ्ठा आहे?" म्हणजे पोराच्या वागण्याचा जाब वस्तादापर्यंत जातो. गॉर्जियस दोष झटकतो, आपल्या मातीतला वस्ताद तो घेतो.

गंमत म्हणजे गॉर्जियसलाही हे फार वेळ टिकवता येत नाही. सॉक्रेटिस विचारतो, तुझ्याकडं आलेल्या शिष्याला न्याय-अन्याय कळत नसेल तर? गॉर्जियस म्हणून जातो, तेही मी शिकवीन. आणि तिथंच तो अडकतो. न्याय शिकवणार असशील तर शिष्याच्या अन्यायाची जबाबदारी झटकणार कशी?

अथेन्सच्या सामान्य माणसालाही ही भीती होती. ॲरिस्टोफेनिसनं इ. स. पू. ४२३ मध्ये 'मेघ' नावाचं प्रहसन केलं. कर्जात बुडालेला बाप मुलाला शाळेत घालतो. कशासाठी? लटक्या बाजूचं खरं करून दाखवायला शिकावं आणि सावकारांना उडवून लावावं म्हणून. मुलगा हुशार, सगळं शिकतो. मग घरी येऊन बापालाच बडवतो, आणि वर बापाला मारणं कसं योग्य आहे हे मुद्देसूद पटवून देतो. पालकहो, हसू येतं, पण बापानं शाळेत घालताना काय मागितलं होतं ते विसरू नका. त्यानं मागितलं तेच त्याला मिळालं.

आपली गुणपत्रिका काय मागते?

याच संवादात प्लेटोनं सॉक्रेटिसच्या तोंडून वक्तृत्वावर मोठा आरोप केलाय. औषध देणारा वैद्य आणि चमचमीत पदार्थ करणारा आचारी, दोघांना लहान मुलांपुढं उभं केलं तर मुलं आचाऱ्यालाच निवडतील. नुसतं वक्तृत्व हे त्या आचाऱ्यासारखं. ऐकणाऱ्याला बरं वाटेल ते देतं, त्याचं भलं होईल ते नाही.

आता आपला परीक्षकाचा कागद काढा. आवाज, उच्चार, हावभाव, पाठांतर, वेळेचं भान, एकूण प्रभाव. मुद्दा खरा आहे का, मुलाला तो कळलाय का, याला किती गुण? मी अनेक स्पर्धांना परीक्षक म्हणून बसलोय. सात वर्षांची पोर हुंडाबळीवर रडत रडत बोलते आणि खाली बसलेले सगळे डोळे पुसतात. त्या पोरीला हुंडा म्हणजे काय ते माहीत नसतं. तिला एवढंच माहीत असतं की इथं रडायचं. आम्ही तिला गुण दिलेत. प्रामाणिकपणे विचारतो, त्या दिवशी आपण तिला काय शिकवलं? न वाटलेलं वाटल्यासारखं दाखवलं की बक्षीस मिळतं, हेच ना?

वक्तृत्व शिकवण्यातला नीतीचा प्रश्न तो हाच. पुढं कधीतरी हे मूल लबाड पुढारी होईल, ही लांबची भीती झाली. जवळचं नुकसान आज, आपल्यासमोर होतंय. मुलाचं बोलणं आणि मुलाचं मन यांची फारकत आपणच करतोय.

मग स्पर्धा बंद करायच्या का?

अजिबात नाही. इथं मी प्लेटोच्या नाही, त्याचा शिष्य ॲरिस्टॉटलच्या बाजूनं आहे. ॲरिस्टॉटल म्हणतो, ताकद, आरोग्य, पैसा, युद्धकौशल्य यांचाही गैरवापर होतो, म्हणून आपण ते टाकून देत नाही. अंगानं स्वतःचं रक्षण करता न येणं लाजिरवाणं असेल, तर बोलून करता न येणं त्याहून जास्त, कारण बोलणं ही माणसाची खास ताकद. आणि खरं बोलणारा हरला, तर त्याला नीट मांडता आलं नाही असाही त्याचा अर्थ होतो.

हे आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. अथेन्समध्ये वक्तृत्व विकत मिळायचं, म्हणजे ज्याच्याकडं पैसा त्यालाच जीभ. शाहू महाराजांनी उलटं केलं. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या गप्प बसवलं, त्यांच्या मुलांना शाळेत आणलं, वसतिगृहं दिली. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाक्षिक सुरू केलं, त्याला महाराजांनी आर्थिक मदत केली. त्याचं नावच बघा, 'मूकनायक'. पुढं २१ आणि २२ मार्च १९२० ला माणगावच्या परिषदेत २८ वर्षांचे बाबासाहेब अध्यक्ष होते, आणि महाराजांनी तिथं येऊन लोकांना सांगितलं की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे. ज्या समाजाला बोलू दिलं नव्हतं, त्याच्यासाठी बोलता येणं ही चैन नव्हती. म्हणून वाडीवस्तीवरच्या मुलाला बोलायला शिकवणं मी कधीही सोडणार नाही.

आणि महाराजांच्या बोलण्याला वजन कशानं होतं? अस्पृश्यतेविरुद्ध नुसती भाषणं करून ते थांबले नाहीत. गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात चहाचं हॉटेल काढलं तेव्हा महाराज स्वतः तिथं थांबून चहा पीत. आयसोक्रेटिस नावाच्या अथेन्सच्या शिक्षकानं नेमकं हेच म्हणून ठेवलंय. शिकवून दुष्टाला सज्जन करता येईल असं तो म्हणत नाही. पण ज्याला लोकांना पटवायचंय त्यानं आधी स्वतःचं वागणं सांभाळावं, कारण चांगल्या माणसाच्या शब्दाला जास्त वजन असतं. हा आयसोक्रेटिस स्वतः सभेत बोलत नसे. आवाज बारीक, धिटाई नाही. तरी त्याच्या शाळेत लांबलांबून विद्यार्थी येत. तेव्हा 'मला स्टेजवर बोलता येत नाही, मी काय शिकवणार' म्हणणाऱ्या शिक्षकांनी घाबरू नये.

मी काय बदललं

एक, भाषण लिहून देणं बंद केलं. लहान गटाला मी कविता किंवा उतारा पाठ करायला देतो, आणि मूल आधी सांगतं की हे कुणाचं आहे. पाठांतर वाईट नाही, त्यानं भाषा बसते, धीर येतो. दुसऱ्याचे शब्द आपले म्हणून सांगणं वाईट. मोठ्या गटाला मी फक्त प्रश्न विचारतो. तुला यातलं काय माहीत आहे? कुठं बघितलंस? तुझ्या गावात हे आहे का? त्याच्या उत्तरातून त्याचं भाषण होतं. ते अडखळतं, छोटं असतं, पण त्याचं असतं.

दोन, भाषणानंतर दोन प्रश्न. शाळेतल्या स्पर्धेत आम्ही दोन मिनिटं यासाठी ठेवली आणि निम्मे गुण त्याला दिले. पाठ केलेलं आणि कळलेलं यातला फरक पहिल्याच प्रश्नाला दिसतो. 'मला माहीत नाही, बघून सांगतो' या उत्तरालाही गुण आहेत.

तीन, वादविवादात दोन्ही बाजू. चिठ्ठी टाकून बाजू द्यायची, मग अदलाबदल करायची आणि शेवटी विचारायचं, "आता तुझं स्वतःचं मत सांग." ॲरिस्टॉटलही दोन्ही बाजू मांडता याव्यात म्हणतो, पण खोट्याचं खरं करायला नाही. समोरचा चुकीचं बोलला तर उत्तर देता यावं म्हणून. शेवटचा प्रश्न गाळला तर आपण 'मेघ'मधली शाळाच चालवतोय असं समजा.

चार, ऐकण्याला गुण. पुढचा वक्ता उभा राहिला की आधी मागच्याचा एक मुद्दा एका वाक्यात सांगायचा. आपल्याकडं आपलं भाषण झालं की मूल ऐकणं बंद करतं, आणि आम्ही शिक्षकही मोबाइल काढतो.

एक शंका तुमच्या मनात आली असेल. आपण एकट्यानं असं केलं तर आपलं मूल बाहेरच्या स्पर्धेत मागं पडणार नाही का? पडेल. आमची पडलीच. दोन वर्षं तालुक्याची ढाल आली नाही आणि पालकांनी मला विचारलंही. त्यांना मी मघाची गोष्ट पुढं सांगितली, तीच तुम्हाला सांगून थांबतो.

त्या दिवशी मी मुलीला म्हटलं, आता भाषण नको. काकींचा दिवस कसा जातो ते आधी विचारून ये. ती विचारून आली. सकाळी सातला बाई शेतात जातात, दुपारी जेवायला येतात, परत जातात. घरी दुसरं कुणी नाही. मी विचारलं, मग त्यांना शाळा नको आहे का? "नाही सर, त्यांना बाळाची काळजी हाय." झालं, निम्मं काम तिथंच झालं. ऐकणारा कोण आहे, त्याच्या मनात काय आहे हे आधी ओळखा, असं ॲरिस्टॉटलनं पानंच्या पानं लिहिलंय. मुलीनं ते एका वाक्यात आणलं.

दोन दिवसांनी आम्ही दोघं गेलो. मी काही बोलायचं नाही असं ठरवून गेलो होतो. पाऊस कोसळत होता, दारात चिखल. मुलगी म्हणाली, "काकी, मी सकाळी शाळेत जाताना ह्याला अंगणवाडीत सोडतो. सुटल्यावर अंगणवाडीच्या ताई अर्धा तास थांबवून घेतो म्हणाल्यात, मी विचारलंय. दुपारच्या सुट्टीत आमी दोघी आणून तुमच्याकडं देतो. पाऊस लईच असला तर त्या दिवशी राहू दे." हात वर केला नाही, थांबली नाही, महाराजांचं नावही घेतलं नाही. बाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "उद्या बघू."

पुढचे दोन आठवडे ती मैत्रीण आठवड्यातले चार दिवस शाळेत आली. रोज नाही, चार दिवस. लावण संपल्यावर रोज यायला लागली. आज शिक्षणहक्काचा कायदा आहे, पालकाला रुपयाचा दंड नाही. जे काम त्या दंडानं करायचं, ते आता पटवूनच करावं लागतं, आणि ते पटवणं कुणीतरी शिकलेलं असावं लागतं.

त्या चार वाक्यांना कुणी ढाल दिली नाही. माझ्या नोकरीत मी ऐकलेलं सगळ्यात चांगलं भाषण तेच, आणि त्यातला एक शब्दही माझा नव्हता.

येत्या जूनमध्ये ग्रुपवर "भाषण पाठवा" असा मेसेज आला, तर भाषण पाठवू नका. दोन प्रश्न पाठवा. आणि पालकहो, मूल घरी येऊन "सर भाषण लिहून देत नाहीत" म्हणालं, तर पेन तुम्हीही हातात घेऊ नका. समोर बसा, आणि विचारा, "तुला काय वाटतं?"

तुमच्या शाळेत तुम्ही काय करता, ते जरूर कळवा.